ना दोर, ना तार: घरीं केलेला बागेचा पंप

दारांत तुळस आणि मागें चार फुलझाडें असल्यावांचून घराला घरपण येत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. देवाला फुलें विकत आणण्याची पाळी येऊं नये, फोडणींत टाकावयास कढीलिंबाचीं चार पानें शेजारीं मागावीं लागूं नयेत, एवढीच बहुतेक गृहस्थांची बागेविषयींची आकांक्षा असते. परंतु बाग लावणें आणि बाग जगविणें ह्या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. लावणें हें एका दिवसाचें काम. जगविणें हें नित्याचें. ह्या नित्यकर्माचा भार घरांत कोणाच्या पाठीवर पडतो, याचा विचार आम्ही पुरुष सहसा करीत नाहीं. आम्हींही तो वयाची साठी उलटेपर्यंत केला नव्हता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

प्रस्तुत लेखांत एका लहानशा यंत्राची हकीकत सांगावयाची आहे. तें यंत्र आम्हीं घरीं जुळविलें. त्यास भिंतीपासून विजेची तार ओढून आणावी लागत नाहीं. बारा व्होल्टच्या लहानशा बॅटरीवर तें चालतें आणि हौदांतलें पाणी गच्चीवरील झाडांस पोंचवितें. 'बिनतारी' हा शब्द रेडिओनें कधींच अडवून ठेविला असल्यामुळें आमच्या घरीं त्यास नुसता 'डब्यांतला पंप' म्हणतात. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. मॅट्रिकनंतर पदार्थविज्ञानाचें पुस्तक हातीं धरलें नव्हतें. तेव्हां आम्हांस जें साधलें तें कोणाही गृहस्थास अथवा गृहिणीस साधण्याजोगें आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

दहा बादल्या

आमचें घर कृष्णाकांठच्या एका लहान गांवीं आहे. परसांत जमिनींत बांधलेला हौद आहे. सकाळीं तासभर नळ येतो, त्याचें पाणी ह्या हौदांत सांठतें. पावसाळ्यांत पुढील कौलारू भागाचें पाणीही पन्हळींतून त्यांतच सोडलें आहे. पूर्वीं झाडें परसांतच होतीं. पुढें वांटण्या झाल्या, परस लहान झालें आणि झाडें कुंड्यांत बसून मागील खोल्यांच्या गच्चीवर गेलीं. जास्वंद, तगर, मोगरा, शेवंती, गवती चहा, ओवा, मिरच्या, एक कढीलिंब आणि एक कागदी लिंबू, अशा एकंदर साठ कुंड्या तेथें झाल्या.

भर उन्हाळ्यांत एका कुंडीस सुमारें दीड लिटर पाणी लागतें. म्हणजे साठ कुंड्यांस ९० लिटर. सांडलवंड धरून १०० लिटर. दहा लिटरच्या दहा बादल्या! हौदापासून गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या आहेत. हें पाणी तीस वर्षें आमच्या घरांतील मंडळींनीं वाहिलें. आम्ही सकाळीं शाळेच्या घाईंत असूं. सुटीच्या दिवशीं कधीं दोन बादल्या नेल्याच, तर त्याचा उल्लेख दिवसभर करीत असूं.

कालिदासाच्या शाकुंतलाचा पहिला अंक आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल! त्यांत आश्रमकन्या झाडांना पाणी घालीत असतात आणि घागरी उचलून शकुंतलेचे खांदे गळून गेल्याचें दुष्यंताच्या लक्षांत येतें. तें स्थळ आम्ही मोठ्या रसिकतेनें समजावून देत असूं. परंतु घरीं तीच गोष्ट रोज डोळ्यांपुढें घडत होती, ती आम्हांस दिसली नाहीं. राजाला जें पहिल्या भेटींत दिसलें, तें आम्हांस दिसावयास एका डॉक्टरांची चिठ्ठी लागली. मंडळींचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि ओझें घेऊन जिना चढावयाचा नाहीं, अशी सक्त ताकीद त्या चिठ्ठींत होती.

त्या दिवशीं आम्हीं कागद घेऊन एक हिशेब केला, तो वाचकांनींही आपल्या घरीं करून पाहावा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. परंतु तें दहा खेपांनीं वर न्यावयाचें म्हणजे दहाही वेळां आपलें शरीर वर न्यावें लागतें. शरीराचें वजन ५५ किलो धरलें तर दहा खेपांचे ५५० किलो झाले! पाणी शंभर किलो आणि त्याच्यासाठीं उचललेला देह साडेपांचशें किलो. झाडाला पाणी हवें असतें. माणसानें वर येण्याची त्यास कांहींच गरज नसते. मग पाणी तेवढें वर जाईल आणि माणूस आपल्या जागीं राहील, अशी व्यवस्था कां होऊं नये?

विजेचा धडा

ही व्यवस्था प्रथम आम्हीं जशी सर्व लोक करितात तशीच केली. बाजारांतून अर्ध्या अश्वशक्तीचा विजेचा पंप आणिला. हौदाजवळ विजेची जोडणी नव्हती, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकींतून लांब तार बाहेर काढिली. ती चार हात कमी पडली, तेव्हां दुसरा तुकडा जोडून सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली. ही सर्व कारागिरी आमचीच; दोष द्यावयाचा तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

पंप जोरदार होता. मिनिटाला वीस-पंचवीस लिटर पाणी तो वर फेंकी. लहान कुंड्यांतली माती त्या धारेनें उडून गच्चीभर होई. तथापि पाणी वर गेल्याच्या आनंदांत तें आम्हांस गोड वाटलें. पुढें वैशाखांतल्या एका सकाळीं परसांत पाणी सांडलेलें होतें, तारेचा तो सांधा त्याच पाण्यांत पडला होता आणि मंडळी नळी सरळ करावयास वांकल्या. त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि त्या मागें फेंकल्या गेल्या. पायांत रबरी चपला होत्या व हातांत तार धरलेली नव्हती, म्हणून त्या दिवशीं आमच्या घरावरचें संकट टळलें. कोपरापासून बोटांपर्यंत हात दोन दिवस जड होता.

घरांतल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या कातडीपेक्षां ओली कातडी प्रवाहाला फार कमी अडथळा करिते. आणि छातींतून जाणारा प्रवाह अगदीं थोडा असला तरी प्राणघातक होऊं शकतो. म्हणूनच ३० मिलिअँपिअर एवढी गळती होतांच वीज तोडणारें 'आर. सी. सी. बी.' नांवाचें साधन घरोघर बसविण्याचा आग्रह आज जाणते लोक धरितात. आमच्याकडे तें तेव्हां नव्हतें. दुसऱ्या आठवड्यांत बसविलें. ज्यांच्या घरीं तें नाहीं त्यांनीं हा लेख बाजूस ठेवून आधीं तेवढें काम करून घ्यावें.

संध्याकाळीं मंडळी शांतपणें म्हणाल्या, "अहो, कुंड्या कोणाला तरी देऊन टाका. आतां माझ्याच्यानें होत नाहीं, आणि तुमच्या त्या यंत्राजवळ मी जायची नाहीं." आम्हीं पंप विकला. बारा कुंड्या शेजारींपाजारीं दिल्या. त्यांत त्यांच्या माहेरच्या मोगऱ्याची एक कुंडी होती. ती नेतांना त्या दारांत आल्या नाहींत.

गरज किती, बळ किती?

नंतर कित्येक दिवस एकच विचार मनांत घोळत होता. आपण पंप आणिला तो दुकानदारास विचारून. आपल्या झाडांस विचारून आणिला काय? किती पाणी, किती उंचीवर, किती वेळांत, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आपल्याजवळ असतां आपण यंत्राचें बळ तेवढें पाहिलें. शिष्याची कुवत न पाहतां पाठ देणाऱ्या गुरूसारखेंच हें झालें.

हिशेब असा. हौदाचें पाणी कधीं तोंडाशीं असतें, कधीं तळाशीं. सोयीसाठीं पाणी एकंदर पांच मीटर उचलावयाचें असें धरूं. १०० किलो पाणी पांच मीटर उचलण्यास १०० गुणिलें ९.८ गुणिलें ५, म्हणजे ४,९०० ज्यूल इतकें कार्य लागतें. हा आंकडा मोठा दिसतो. पण दहा वॅटचा दिवा आठ मिनिटें जळला कीं तेवढीच शक्ति खर्च होते! ज्या कामानें एका बाईचे गुडघे तीस वर्षांत झिजले, त्यांत पाण्याच्या वांट्याचें कार्य एवढेंसेंच होतें. बाकी सारा खर्च जिन्याचा.

आपल्या पूर्वजांस हें मर्म पुरतेपणीं कळलें होतें. रहाट हा शब्द संस्कृत 'अरघट्ट' शब्दापासून आला. चाक, त्यावर फिरणारी माळ आणि माळेस बांधलेले घट. चाक जागच्या जागीं फिरतें आणि पाणी मात्र वर येतें. मोटेलाही तेंच लागू. बैल उताराच्या धांवेवर चालतो, विहिरींत उतरत नाहीं. दोर पाणी आणितो. आम्हांस हवा होता तो असाच एक लहान रहाट. फक्त त्यास दोर नको होता आणि आतां तारही नको होती.

तार नको म्हणजे शक्ति सांठवून जवळ ठेवावयास पाहिजे. बारा व्होल्ट आणि आठ अँपिअर-तास अशी बॅटरी म्हणजे ९६ वॅट-तासांची सांठवण. वरील कामाच्या सुमारें सत्तरपट. शिवाय बारा व्होल्टचा दाब इतका कमी कीं, ओल्या हातास तारा लागल्या तरी धक्का बसण्याचें भय राहात नाहीं. हें वाचल्यावर आमचा निश्चय झाला.

पडद्याचा पंप

परंतु पहिली खरेदी पुन्हां फसली. कारंजासाठीं मिळतो तसा बारा व्होल्टचा लहान बुडता पंप आम्हीं आणिला. त्यावर 'चढ ३ मीटर' असें लिहिलें होतें. आम्हांस वाटलें, तीन मीटरपर्यंत भरपूर देईल आणि पुढें थोडें थोडें देईल. ह्या पंपांत पातीं गरगर फिरून पाण्याला बाहेर लोटतात. चढ वाढत जाईल तसतशी धार मंदावते आणि लिहिलेल्या चढाला ती शून्य होते. म्हणजे 'चढ ३ मीटर' ह्याचा अर्थ, तीन मीटरवर एक थेंबही नाहीं! पाणी नळींत जिन्याच्या अर्ध्यावर येऊन उभें राही. शब्दाचा अर्थ संदर्भावांचून लावूं नये, हें आम्ही मुलांना सांगत असूं.

खरें साधन आमच्या डोळ्यांपुढून रोज जात होतें. द्राक्षांच्या, डाळिंबांच्या व भाजीपाल्याच्या मळ्यांत औषध मारणारे शेतकरी पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप घेऊन जातात. त्याच्या तळाशीं मुठीएवढा एक पंप असतो. त्यास 'डायफ्रॅम पंप' म्हणजे पडद्याचा पंप म्हणतात. त्याची रचना लोहाराच्या भात्यासारखी आहे. मोटरच्या टोकास तिरकस बसविलेली चकती फिरते आणि रबराचा पडदा पुढें-मागें हलविते. पडदा मागें गेला कीं कप्प्यांत पाणी शिरतें, पुढें आला कीं बाहेर लोटलें जातें. आंत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटांवर एकेक झडप असते, ती पाण्यास उलट फिरूं देत नाहीं. ह्या पंपास चढाची फारशी क्षिति नसते. त्याचा दाब कित्येक मीटर उंचीच्या पाण्यास पुरून उरतो. धार लहान, पण चिकाटीची.

ह्यांत आणखी एक सोय आहे आणि तीच आमच्या कामास सर्वांत उपयोगी पडली. नळीच्या टोकाची तोटी बंद केली कीं नळींतला दाब वाढतो आणि पंपाच्या तोंडाशीं असलेला लहान खटका मोटर आपोआप बंद करितो. तोटी उघडली कीं मोटर पुन्हां सुरू. म्हणजे पंप खालीं, माणूस वर. आणि थांबविण्या-चालविण्यासाठीं बावीस पायऱ्या उतरावयास नकोत. ज्या पंपांत हा खटका नसेल तो ह्या कामासाठीं घेऊं नये.

पंपावर मिनिटास चार लिटर असें छापलें होतें. आतां आम्ही शहाणे झालों होतों. गच्चीवर दहा लिटरची बादली ठेविली आणि घड्याळ लाविलें. बादली भरावयास तीन मिनिटें लागलीं. म्हणजे मिनिटास ३.३ लिटर. १०० लिटरला अर्धा तास. कुंड्यांस हीच धार मानवते. माती उडत नाहीं आणि पाणी मुरावयास अवसर मिळतो.

जुळणी

साहित्य थोडें आहे. बारा व्होल्टचा फवारणीचा पंप, बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी, तिच्याच जातीचा चार्जर, पांच अँपिअरचा फ्यूज त्याच्या घरासह, एक खटका, दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दोन मीटर, फवारणीची जाड नळी १५ मीटर, ओढीच्या बाजूस दोन मीटर ताठ नळी, तिच्या टोकास बारीक जाळी, सांध्यांवर आवळण्याच्या क्लिपा, आणि टोकास तोटीसह झारीचें तोंड. हें सर्व ठेवावयास घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आम्हांस पंपास सुमारें ६००, बॅटरीस १,२००, चार्जरला ४०० आणि किरकोळीस ३५० रुपये पडले.

जुळणी करितांना चार गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली, फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदीं जवळ बसवावा. बॅटरीचा दाब कमी असला तरी दोन टोकें एकमेकांस चिकटलीं तर क्षणांत प्रचंड प्रवाह वाहतो आणि तार लाल होते. त्याच कारणासाठीं काम करितांना हातांतली आंगठी व बांगडी काढून ठेवावी. दुसरी, बॅटरी व पंप एकाच डब्यांत, हौदाच्या कांठावर ठेवावा. बारा व्होल्टच्या विजेला लांबचा प्रवास मानवत नाहीं. तार लांबली कीं दाब वाटेंतच गळतो. तार आखूड आणि नळी लांब, हें सूत्र पाठ करण्याजोगें आहे. तिसरी, डब्याच्या झांकणाखालीं बाजूस दोन भोंकें ठेवावीं, म्हणजे आंत हवा खेळेल. आणि बॅटरी भरतांना ती डब्याबाहेर काढून घरांत कोरड्या, मोकळ्या जागीं ठेवावी. चार्जर २३० व्होल्टवर चालतो, हें विसरूं नये. चौथी, ओढीच्या नळीची जाळी तळाशीं टेकूं न देतां वीतभर वर टांगावी. तळाचा गाळ झडपेंत अडकला कीं पंप फिरतो, पण पाणी चढत नाहीं.

पंप हवा खातो

आमचा पंप पहिल्या दिवशीं उत्तम चालला. पांचव्या दिवशीं घरघर करी. परंतु पाणी येईना. जाळी साफ केली, बॅटरी भरून पाहिली, तारा तपासल्या. सर्व ठीक! तेव्हां डबा कांखेंत मारून बाजारपेठेंतल्या फवारणी पंप दुरुस्त करणाराकडे गेलों. तो आमचा जुना विद्यार्थी निघाला. शब्दरूपें त्यास कधीं पाठ झालीं नाहींत आणि त्यासाठीं आम्हीं त्यास बाकावर उभें केलें होतें, हें त्याच्या आधीं आम्हांसच आठवलें.

त्यानें बादलींत नळी सोडली, पंप चालू केला, कान जवळ नेला आणि म्हणाला, "गुरुजी, पंपाला काही झालेलं नाही. हवा खातोय तो." ओढीच्या नळीचें टोक उन्हानें ढिलें पडलें होतें. त्या सांध्यांतून पाणी गळत नव्हतें, म्हणून आम्हांस कांहीं दिसलें नव्हतें; पण आंत हवा शिरत होती. पाणी ओढण्यापेक्षां हवा ओढणें सोपें, म्हणून पंप सोपें तें करी. बाहेर जाण्याच्या बाजूचा दोष गळून डोळ्यांस दिसतो. ओढीच्या बाजूचा दोष लपून राहतो. त्यानें नळीचीं दोन बोटें ढिलें टोक कापून टाकिलें, नवें टोक गरम पाण्यांत बुडवून बसविलें, क्लिप आवळली आणि मग ती सोडून आमच्या हातांत पेंचकस दिला. "आता तुम्ही करा, म्हणजे पुन्हा यायला लागणार नाही." आम्हीं केलें. पहिल्यांदा क्लिप वांकडी बसली. त्यानें ती पुन्हां सोडावयास लाविली. दुसऱ्यांदा पाणी चढलें.

पैसे तो घेईना. घरीं येतांना आमच्या मनांत आलें कीं, एकदां चुकल्यावर ह्यानें आम्हांस बाकावर उभें केलें नाहीं. क्लिप सोडून पुन्हां हातांत दिली. छत्तीस वर्षांच्या नोकरींत ही रीत आम्हांस किती वेळां सुचली असेल, याचा हिशेब मात्र आम्हीं कागदावर मांडला नाहीं.

बॅटरीची निगा

शिशाच्या ह्या बॅटरीचा मूळ शोध गास्तों प्लांते ह्या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकानें १८५९ सालीं लाविला. इतकीं वर्षें झालीं तरी तिचा स्वभाव पालटलेला नाहीं: तिला उपास सोसत नाहीं. पूर्ण रिकामी करून ती तशीच ठेविली तर आंतल्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण कण जमतात आणि तिची धारणाशक्ति जाते. म्हणून निम्म्याहून अधिक खर्च होण्यापूर्वींच ती भरावी. आमचा पंप अडीच अँपिअर प्रवाह घेतो. अर्ध्या तासास सव्वा अँपिअर-तास. तीन दिवसांचे पावणेचार. आठांच्या निम्मे चार. म्हणून दर तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बॅटरी भरावयास लावितों. पावसाळ्यांत पंपास सुटी असली तरी महिन्यांतून एकदां तिला भरण चुकवीत नाहीं. चार्जर असा घ्यावा कीं, सुमारें १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन तो आपणच हात आंखडता घेईल; अति भरणही उपासाइतकेंच वाईट. लिथियमची बॅटरी वजनानें हलकी असते, परंतु तिला तिच्याच जातीचा चार्जर व रक्षक मंडल लागतें. एकीचा चार्जर दुसरीस लावणें धोक्याचें आहे.

विजेचा खर्च विचाराल तर तो हंसूं येण्याजोगा आहे. पंप रोज सुमारें १५ वॅट-तास घेतो. भरतांना जेवढी वाया जाईल तेवढी धरली तरी महिन्यास एक युनिट पुष्कळ झालें. आयुष्य संपलेली बॅटरी मात्र केरांत टाकूं नये. शिसें हें विष आहे. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुनी बॅटरी गोळा करून तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार नवी देतांना जुनी घेतो आणि तिची किंमतही वजा करितो.

शेवटचा भाग

यंत्र तयार झालें. पण ज्यांच्यासाठीं केलें त्या मंडळी आठ दिवस त्याच्या जवळ आल्या नाहींत. आम्ही पाणी घालूं, त्या दारांतून पाहात. त्यांस व्होल्टांचे आंकडे सांगून उपयोग नव्हता. हात एकदां भाजलेल्या माणसास अग्नीची व्याख्या सांगून काय होणार? नवव्या दिवशीं आम्हीं डबा उघडला, दोन्ही हात पाण्यांत बुडविले आणि ओल्या बोटांनीं बॅटरीचीं दोन टोकें त्यांच्यादेखत धरलीं. कांहीं झालें नाहीं. त्या बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, ती तोटी द्या इकडे."

आतां सकाळीं आम्ही परसांत डबा मांडून खटका दाबितों आणि त्या रिकाम्या हातानें, कठड्यास धरून, एकदांच जिना चढतात. वरून तोटी बंद झाली कीं खालीं पंप गप्प होतो, त्यावरून वर काय चाललें आहे तें आम्हांस कळतें. पंप बराच वेळ गप्प राहिला तर समजावें कीं कुठें तरी कळी सांपडली आहे.

तुळशीला मात्र त्या नळीचें पाणी घालीत नाहींत. "तिला मी तांब्यानंच घालणार," असा त्यांचा निकाल आहे आणि त्यावर अपील नाहीं. एका तांब्याचें ओझें गुडघ्यांस जड नाहीं, तेव्हां आमचीही हरकत नाहीं.

दिलेल्या बारा कुंड्यांपैकीं नऊ आपापल्या नव्या घरीं सुखानें आहेत. त्या मागण्याचें कारण नाहीं. तीन परत आल्या. माहेरचा मोगरा त्यांत आहे. तो आला तेव्हां वाळून काडी झाला होता. कडुलिंबाची पेंड घालून, रोज दीड लिटर मोजून पाणी दिलें. यंदा चैत्रांत त्याला पहिल्या सात कळ्या आल्या. त्या मंडळींनीं मोजल्या आणि वरून ओरडून आम्हांस सांगितल्या, म्हणून आंकडा बिनचूक आहे.